ऑईल सांडतं ते पाना लावण्याआधीच

बोटीच्या इंजिनाचा ऑईल फिल्टर बदलायला किती वेळ लागतो, असं कुठल्याही बंदरात विचारलं तर उत्तर येतं, "दहा मिनिटं." हे उत्तर खरं असलं तरी अर्धवट आहे. जुना फिल्टर काढून नवा बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण इंजिनाच्या अंगावरून, फाउंडेशनच्या कडेने आणि पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खाली उतरलेलं काळं ऑईल पुसायला तासही पुरत नाही, म्हणून ते बहुतेक वेळा पुसलंच जात नाही. इंजिनाचं काम म्हटलं की हात काळे व्हायचेच, अशी समजूत करून घेऊन पुढच्या कामाला लागतात. ही समजूत मला मान्य नाही. फिल्टर बदलताना होणारी सांडलवंड अटळ नसते, आणि काम करणाऱ्याचा हात किती सफाईदार आहे यावरही ती फारशी अवलंबून नसते. फिल्टरात किती ऑईल आहे, तो कोणत्या कोनात बसवला आहे, सैल झाल्यावर ऑईल कुठून बाहेर पडणार आणि तिथे ते झेलायला काय ठेवलं आहे, ही उत्तरं पाना हातात घेण्याआधी तयार नसतील तर कसलेला मेकॅनिकही सांडतो. तयार असतील तर नवशिक्याचंही काम कोरडं होतं.

आधी या डब्याच्या पोटात काय असतं ते पाहू. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधलं ऑईल पंप उचलतो, फिल्टरमधून ढकलतो आणि तिथून ते क्रँकच्या बेअरिंगांकडे, कॅमकडे, वरच्या व्हॉल्व्हांकडे जातं. फिल्टरात घड्या घातलेला खास कागद असतो. डिझेलची काजळी, झिजलेल्या धातूचा कीस, जळक्या ऑईलचा गाळ त्यात अडकतो. साध्या फिरकीच्या फिल्टरच्या तोंडावर कडेने छोट्या भोकांचं वर्तुळ आणि मधोमध आटे असलेलं एक मोठं भोक दिसतं. कडेच्या भोकांतून मळकं ऑईल आत जातं आणि मधल्या भोकातून गाळलेलं बाहेर येतं. बऱ्याच फिल्टरांत आतून एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर फिल्टर रिकामा होऊन ऑईल चेंबरमध्ये परत जाऊ नये आणि पुढच्या वेळी चालू करताना बेअरिंगं क्षणभरही कोरडी राहू नयेत, यासाठी तो असतो. इंजिनाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे, पण फिल्टर बदलणाऱ्याची पंचाईत तिच्यामुळेच होते. चेंबरमधलं सगळं ऑईल उपसून काढलं तरी फिल्टर भरलेलाच राहतो. ऑईल तर काढलंय, आता फिल्टर रिकामाच असणार, हा अंदाज इथे फसतो आणि डब्याच्या आकाराप्रमाणे अर्धा लिटर, लिटर किंवा त्याहूनही जास्त ऑईल मनगटावरून खाली येतं.

कोकणातल्या ट्रॉलरवर बहुतेक करून ट्रकच्या कुळातलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं. गॅरेजमधला ट्रक आणि धक्क्याला लागलेली बोट यांच्या इंजिनांत फार फरक नसला तरी ती जिथे बसवलेली असतात त्या जागांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रकखाली माणूस सरपटत जातो, चेंबरचा नट खोलतो, खाली घमेलं ठेवतो. जमिनीवर थोडं सांडलं तर माती टाकतो. बोटीत इंजिनाचं चेंबर तळाच्या लाकडापासून किंवा फायबरपासून वीतभर उंचीवर असतं. नटापर्यंत हात पोचत नाही, आणि पोचला तरी खाली भांडं मावत नाही. फिल्टर अनेकदा अशा बाजूला असतो की एका हाताने चाचपडतच तो शोधावा लागतो. शिवाय बोटीचा तळ कधीच पूर्ण कोरडा नसतो. पंख्याच्या शाफ्टच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत असतं (जुन्या पद्धतीच्या दोरीच्या पॅकिंगला तसं ते यावंच लागतं, नाहीतर शाफ्ट तापतो), बर्फाचं पाणी झिरपतं, डेक धुतल्यावरही थोडं खाली उतरतं. म्हणजे इंजिनावरून ओघळलेलं ऑईल जमिनीत जिरत नाही, पाण्यावर तरंगत राहतं.

ते पुढे कुठे जातं, हे पाहण्यासारखं आहे. तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं तोंड अगदी खाली असतं आणि ऑईल वर तरंगतं. त्यामुळे पंप चालू झाला की सुरुवातीला बऱ्यापैकी स्वच्छ पाणीच बाहेर पडतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं ऑईल आतच राहिलं. पाणी संपत आलं की तो थर खाली उतरून पंपाच्या तोंडाशी येतो आणि शेवटच्या उपशात थेट बंदराच्या पाण्यात जातो. पंपाला आपोआप चालू होणारा फ्लोट असेल तर हे रात्री, बोटीवर कुणी नसतानाही घडतं. यावर एक सोपा वाटणारा उपाय सर्रास केला जातो. तळात कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण ओतायचा, ढवळायचं आणि उपसून टाकायचं. तवंग दिसेनासा होतो, पण ऑईल नाहीसं होत नाही. साबणाने त्याचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळलेले असतात, एवढंच. मग ते वरून पुसून घेता येत नाही, आणि पाणी-तेल वेगळं करणारी यंत्रणा असली तरी तिलाही ते सहज वेगळं करता येत नाही. तवंग साबण टाकून दडवणं हा अमेरिकेत गुन्हा आहे, तो याच कारणाने.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढा मोठा दर्या, त्यात पावशेर ऑईलने काय होतंय? याला भावनेपेक्षा हिशेबानेच उत्तर दिलेलं बरं. पाण्यावर इंद्रधनुष्यी रंग दिसतात तेव्हा तेलाच्या थराची जाडी साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाडी एक मायक्रॉन धरली तर एक लिटर ऑईल हजार चौरस मीटरवर, म्हणजे जवळपास दहा गुंठ्यांवर पसरतं. त्याहून पातळ, नुसता चंदेरी तवंग धरला तर क्षेत्र कित्येक पटींनी वाढतं. मोठ्या जहाजांसाठी 'मारपोल' या आंतरराष्ट्रीय कराराने घालून दिलेली मर्यादा दहा लाख भाग पाण्यात १५ भाग तेल अशी आहे. त्या मापाने एक लिटर ऑईल सामावायला ६६ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी लागतं. आता एका बोटीचा हंगाम धरू. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, उरतात दहा महिने. इंजिन महिन्याला वीस दिवस, रोज बारा तास चाललं तर २४० तास होतात, आणि अशा इंजिनाचं ऑईल-फिल्टर बदलण्याचं वेळापत्रक पुष्कळदा २५० तासांच्या आसपास असतं. म्हणजे हंगामात दहा वेळा बदली आली. दर खेपेला पाव लिटर सांडलं तर अडीच लिटर झालं, आणि बंदरात शंभर बोटी असतील तर अडीचशे लिटर. एवढं ऑईल कुणी पिंपातून धक्क्यावर ओतलं असतं तर आरडाओरड झाली असती. दहा महिन्यांत वाटून शंभर ठिकाणांहून तेवढंच गेलं तर कुणी ब्र काढत नाही. शिवाय ते मोठ्या दर्यात जातच नाही. जातं खाडीच्या तोंडाशी, धक्क्याच्या कोंडलेल्या पाण्यात, जिथे जवळच्या खडकांवर कालवं असतात आणि गाळात तिसऱ्या असतात. हे जीव पाणी गाळूनच जगतात, आणि पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. वापरलेल्या ऑईलमध्ये जळणातून आलेली घातक कर्बी द्रव्यं आणि झिजलेले धातू असतात. नव्या ऑईलपेक्षा ते वाईट असतं ते यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठी जहाजं टनावारी तेल सांडतात, त्यांना सोडून नाखवाच्या मागे का लागता? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल पाण्यात गेलं आणि त्याचा फटका मच्छीमारांनाच बसला. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर येणारे डांबराचे गोळे ट्रॉलरच्या फिल्टरमधून आलेले नसतात, हेही मान्य. तरी या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या समुद्रांचा अभ्यास केला. माणसाच्या व्यवहारांमुळे तिथल्या पाण्यात जाणाऱ्या तेलापैकी सुमारे ८५ टक्के तेल जमिनीवरून वाहून येणारं पाणी, नद्या, विमानं आणि छोट्या बोटी अशा विखुरलेल्या ठिकाणांहून येतं, असं त्यात आढळलं. बुडालेल्या टँकरचा वाटा लोकांना वाटतो त्याहून पुष्कळ कमी निघाला. हे आकडे कोकणाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण थोडं थोडं पुष्कळ ठिकाणांहून गेलं की एका मोठ्या अपघाताला मागे टाकतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. आणि दुसऱ्याच्या जहाजावर आपला काही इलाज चालत नाही, आपल्या फिल्टरवर चालतो.

समुद्राचा मुद्दा बाजूला ठेवला तरी स्वतःच्या इंजिनासाठीही ही सफाई फायद्याची आहे, आणि हे कारण मला सगळ्यांत पटणारं वाटतं. स्वच्छ इंजिनावर गळती लगेच दिसते. पाइपच्या जोडातून एखादा नवा थेंब आला, पाण्याच्या पंपाखाली ओल दिसली, डिझेलच्या नळीला घाम सुटला की तांडेलाची नजर जाते आणि बंदरात असतानाच बंदोबस्त होतो. इंजिन आधीच काळ्या ऑईलने माखलेलं असेल तर नवी गळती जुन्यात मिसळून जाते. "ते ऑईल मागच्या फिल्टरचं आहे," असं म्हणून ज्या डागाकडे दुर्लक्ष होतं, तो कधीतरी फुटत आलेल्या नळीचा असतो. त्यात सांडलेलं ऑईल पट्ट्यावर उडालं तर पट्टा घसरतो, आणि इंजिनाखालच्या रबरी गाद्यांवर साचलं तर रबर फुगून मऊ पडतं. तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो, आणि बंदिस्त जागेत तापमान पुरेसं चढलेलं असेल तर आगही लागू शकते. दर्यात पाच-पंचवीस मैलांवर इंजिनखोलीत धूर भरला की ते ऑईल कुठून आलं याचा शोध घ्यायला कुणाला फुरसत नसते.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑईल कोमट करायचं. थंड ऑईल घट्ट असतं, पंपाने नीट उपसत नाही आणि गाळ खालीच राहतो. फार तापवलं तर हात भाजतो आणि पातळ प्लास्टिक वितळतं. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबलं की वरचं ऑईल खाली उतरतं. त्यानंतरची पायरी लहान आहे पण हमखास विसरली जाते: तळातला आपोआप चालणारा पंप बंद करायचा, म्हणजे चुकून काही सांडलंच तर ते बोटीतच राहील. पाण्यात उभ्या बोटीचा पंप बंद करणं धोक्याचं नाही का, अशी शंका रास्त आहे. म्हणून इंजिनाची चावी काढून त्या पंपाच्या बटनालाच अडकवावी. पंप चालू केल्याशिवाय चावी हाती येत नाही, आणि काम चालू असताना दुसरं कुणी इंजिन सुरू करत नाही. एका गोष्टीत दोन्ही कामं होतात. मग डिपस्टिकच्या भोकातून पातळ नळी सोडून हातपंपाने किंवा निर्वात डब्याने चेंबरमधलं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये ओढून घ्यायचं. उघड्या बादलीत नको. धक्क्यावर बाजूने लाँच गेली की बोट हलते आणि बादली कलंडते.

चेंबर रिकामं झालं, फिल्टर अजून भरलेला आहे. तो कसा बसवलाय त्यावर पुढचं सगळं ठरतं. तोंड वर आणि बूड खाली असेल तर निम्मी लढाई जिंकलीच. पूर्ण सैल झाल्यावर तो सरळ धरून खाली आणला की आतलं ऑईल आतच राहतं. वरच्या जोडातून थोडं ठिबकतं, तेवढ्याला फडकं पुरतं. जुन्या इंजिनांवर असतो तसा वाडग्यात सुटा एलिमेंट बसवलेला फिल्टर असेल तरी हेच. मधला लांब बोल्ट सोडताना दुसऱ्या हाताने वाडगा खालून तोलून धरायचा आणि उभाच उतरवायचा. खरी अडचण आडव्या फिल्टरची. त्याचं रबर जागेवरून सुटलं की वरच्या कडेतून हवा आत शिरते आणि खालच्या कडेतून ऑईलची धार लागते, अजून पाच-सहा फेरे सोडायचे असतानाच. ती धार इंजिनाच्या अंगाला चिकटून वाहते, म्हणून फिल्टरखाली ठेवलेली परात कोरडी राहते आणि ऑईल परातीच्या मागून तळात जातं. परात चांगली मोठी ठेवली होती तरी सांडलं, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण हे.

आडव्या फिल्टरसाठी सगळ्यांत भरवशाचं साधन म्हणजे जाड प्लास्टिकची पिशवी. पाना किंवा पट्टा लावून फिल्टर फक्त हलेल इतका, पाव फेरा सोडायचा. ऑईल अजून येत नाही, आलं तर ओलावा येतो. आता पाना काढून ठेवायचा आणि फिल्टरवर पिशवी चढवायची, तिचं तोंड थेट इंजिनापर्यंत वर सरकवून. खालची कड फिल्टरच्या जोडापेक्षा आत, इंजिनाला टेकलेली हवी, कारण धार तिथूनच येणार. मग पिशवीच्या बाहेरून डबा मुठीत धरून हातानेच फिरवत राहायचं. ऑईल पिशवीत उतरतं, शेवटी फिल्टरही पिशवीतच पडतो. तोंड आवळून बाहेर काढायची. किराणा दुकानाची पातळ पिशवी इथे चालत नाही, फिल्टरच्या कडेने ती फाटते. खताच्या किंवा मिठाच्या गोणीतलं जाड आतलं अस्तर, किंवा एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्या चालतात. पिशवी चढवायलाही जागा नसेल तर पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आडवा कापून त्या जागेच्या मापाचं पसरट भांडं करावं आणि त्याची एक कड चपटी करून इंजिनाला भिडवावी. जागेच्या मापाचं भांडं एकदा करून ठेवलं की ते त्या बोटीचं कायमचं हत्यार होतं.

खाली काय अंथरायचं यातही लोक फसतात. लहान मुलांचे डायपर तेलासाठी वापरावेत, असा सल्ला हल्ली ऐकू येतो. कोरड्या जागी ते थोडंफार तेल टिपतात, पण त्यांच्यातली द्रव धरणारी भुकटी पाण्यासाठी बनवलेली असते. बोटीच्या ओल्या तळात डायपर आधी पाणी पिऊन फुगतो आणि तेलाला जागाच उरत नाही. पॉलिप्रॉपिलीनचे खास पॅड उलट वागतात, पाण्याला नाकारतात आणि तेल धरतात. महाग वाटले तरी एक पॅड बऱ्याच खेपा पुरतो. लाकडाचा भुसा गॅरेजच्या जमिनीवर उत्तम. बोटीत तो पाण्याबरोबर वाहत जाऊन पंपाच्या जाळीत अडकतो, म्हणून नकोच. जुनी सुती लुंगी या सगळ्यांपेक्षा वाईट नाही, फक्त ती काम झाल्यावर उचलायची असते.

फिल्टर जागचा हलतच नसेल तर त्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून तोच दांडा करून फिरवायचा, ही जुनी युक्ती. ती यशस्वी होते त्या दिवसांची आठवण राहते. पण पत्रा पातळ असतो. अडकलेला डबा फिरण्याऐवजी फाटतो, ऑईल सगळीकडे उडतं आणि आट्यांवर चिंध्या झालेला पत्रा उरतो. आता तो निघेपर्यंत इंजिन चालू करता येत नाही, आणि तुम्ही खाडीत नांगरलेले असाल तर वाटही पाहता येत नाही. साखळीचा किंवा पट्ट्याचा पाना डब्याच्या बुडाकडे न लावता तोंडाजवळ, जिथे पत्रा दुमडून कडक झालेला असतो तिथे लावला तर असे बहुतेक फिल्टर सुटतात. भोक पाडण्याचा एक उपयोग मात्र मला रास्त वाटतो. आडवा फिल्टर आधी पाव फेरा सोडून तो निघतो याची खात्री करायची, हाताने परत आवळायचा, मग सगळ्यांत खालच्या बिंदूला भांड्यावर एक भोक आणि वर हवेसाठी दुसरं. ऑईल शांतपणे भांड्यात उतरतं आणि रिकामा डबा हातात येतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी भोक आणि मग सोडायचा प्रयत्न, तर गाठ पुन्हा त्याच फाटलेल्या पत्र्याशी.

नवा फिल्टर लावण्याआधी जुन्याचं रबर त्याच्याबरोबर निघालं की इंजिनाला चिकटून राहिलं, हे बोट फिरवून पाहायचं. या कामातली सगळ्यांत महागाची चूक इथे होते. जुनं रबर तसंच राहून त्यावर नवं बसलं की हाताला घट्ट लागतं, इंजिन चालू केल्यावर काही मिनिटं बरंही चालतं, आणि मग दाबाने एक रबर बाहेर सटकतं. सांडण्याच्या गोष्टी त्यापुढे क्षुल्लक. चेंबरमधलं ऑईल पंपच बाहेर फेकतो, आणि दाबाचा काटा कुणी पाहिला नाही तर बेअरिंग जातं. बसण्याची जागा पुसावी, नव्या रबराला बोटाने ऑईल लावावं, रबर टेकेपर्यंत फिरवावं आणि त्यापुढे डब्यावर लिहिलं असेल तेवढं, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावं. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर मागतो. उभ्या फिल्टरात आधी ऑईल भरून घ्यायचं असेल तर ते कडेच्या भोकांतून ओतावं, म्हणजे गाळून आत जाईल. मधल्या भोकातून ओतलेलं न गाळता थेट बेअरिंगांकडे जातं. आडवा फिल्टर भरून लावू नये. लावताना सांडलं तर आतापर्यंतची मेहनत वाया. मग ऑईल भरायचं, पंपाचं बटन चालू करून चावी परत घ्यायची, इंजिन चालू करून दाब चढतो का पाहायचं, जोडाखाली पांढरा कागद फिरवून ओल तपासायची आणि बंद करून डिपस्टिक पाहायची.

एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा? बर्फ भरायचा, डिझेल घ्यायचं, जाळी चढवायची आणि भरतीची वेळ साधून निघायचं, ही घाई खोटी नाही. पण पिशवी चढवायला आणि पॅड अंथरायला जो वेळ जातो तो पुसापुशीच्या वेळापेक्षा कमीच असतो. पुसायचंच नाही असं ठरवलं तरच हा हिशेब उलटा होतो. खरोखर वेळखाऊ गोष्टी दोन महिन्यांच्या बंदीत करता येतात. चेंबरला कायमची उपसण्याची नळी आणि झडप बसवणं हे त्यातलं एक. फिल्टर अगदीच अवघड जागी असेल तर नळ्या टाकून तो हात पोचेल अशा ठिकाणी उभा बसवता येतो. याला विरोध करणारे म्हणतात, जोड वाढले की गळती वाढते, आणि त्यांचं बरोबर आहे. अशी नळी दर्यात फुटली तर फिल्टर सांडण्यापेक्षा हजार पटींनी वाईट. म्हणून दाब आणि उष्णता सहन करणारी नळी मिळत नसेल, तर पिशवीच बरी. मालवण-तारकर्लीच्या पर्यटन बोटींवर असतात त्या चार-स्ट्रोकच्या आउटबोर्ड इंजिनांचं काम त्या मानाने सोपं. झाकण काढलं की फिल्टर समोर असतो, खाली एक पॅड कोंबला की पुरतं.

पिशवीतला फिल्टर मग टोपलीत टाकायचा की काय? त्यात अजून बरंच ऑईल असतं. बुडाला भोक पाडून तो कोमट असतानाच गाळणीवर उलटा ठेवावा. अमेरिकेतल्या पर्यावरण खात्याची शिफारस बारा तास निथळू देण्याची आहे. निथळलेला डबा भंगारात जातो. जळकं ऑईल सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला किंवा घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून नेणारे गिऱ्हाईक प्रत्येक गावात असतात, आणि ते फुकट जात नाही, असं समर्थन केलं जातं. पावसाने ते धुऊन शेवटी ओढ्यातच येतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात धरलेलं आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध होण्याची काही जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. आता बंदरापर्यंत ही साखळी आणण्याचं काम मच्छीमार सोसायट्यांनी अंगावर घ्यायला हवं. डिझेल पंपाशेजारी छपराखाली एक पिंप, त्यावर जाळीचं नरसाळं, आणि झाकणाला कुलूप. कुलूप चोरीसाठी कमी, पावसासाठी आणि तळातलं पाणी आणून ओतणाऱ्यांसाठी जास्त, कारण पाणी मिसळलेल्या ऑईलला पुनर्प्रक्रियावाले भाव देत नाहीत.